घरोघर वाटलेलं आख्यान

"ताई, आजोबा पलंगाखाली शिरलेत," कृपा म्हणाली. "फेटा बांधून."

चोवीस डिसेंबरची दुपार. तीन वाजून गेले होते आणि चार वाजता कीर्तन होतं. मी ओट्यावर बसून बोटांवर वाळलेली खळ नखानं सोलत होते.

"काय शोधताहेत?"

"आख्यान."

कृपा नऊ वर्षांची. खरं बोलायचं की खोटं हे ठरेपर्यंत ती एका पायावर उभी राहायची. आत्ताही तशीच उभी होती.

"कृपा, परवा तू कॅलेंडरची जुनी पानं आणली होतीस..."

"तीच," असं म्हणून तिनं दुसरा पाय खाली टेकवला.

तो क्षण मला आज साठीला आल्यावरही आठवतो. गमालिएलबुवा वाघचौरे म्हणजे कृपाचे आजोबा आणि आमच्या सगळ्या नगर भागातले नावाजलेले ख्रिस्ती कीर्तनकार. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. नुसता बोललेला उपदेश ऐकला की मला डुलकी लागते, देव क्षमा करो. पण तोच उपदेश कोणी झांजेवर गाऊन सांगितला की मी पहिल्या ओळीला डोळे पुसायला लागते. आमच्या गावी, बाभूळवेढ्यात, नाताळच्या आदल्या दिवशी बुवांचं कीर्तन व्हायचं आणि मी त्या दोन तासांवर वर्ष काढायची.

आणि त्याच कीर्तनाची मी चाळीस घरांसाठी कात्रणं करून टाकली होती.

झालं होतं असं. मी तेव्हा चर्चची शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, घेत असे. त्या वर्षी मुलांना म्हटलं, मंडळीतल्या प्रत्येक घराला आपल्या हातची नाताळची भेट देऊ, विकत काही आणायचं नाही. मुलांनी खराट्याच्या काड्या आणल्या, चहाच्या पुड्यातली चांदी आणली, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, रिकामे डबे, उसवलेल्या स्वेटरची लोकर. मी मैद्याची खळ शिजवली. फक्त कागद कमी पडत होता. "पाठकोरे कागद आणा," मी सांगितलं. "जुन्या कॅलेंडरचे असले तर उत्तम. जाड असतात, लवकर फाटत नाहीत."

दुसऱ्या दिवशी कृपानं सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणला. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला मोत्यासारखं अक्षर. मी विचारलं, "हे आजोबांचं लिहिलेलं ना गं?"

"हो. पण त्यांनी ते सगळं नवीन वहीत उतरवायला घेतलंय."

खरंच घेतलं होतं. त्यातलं दीड पान झालं होतं, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उलट ते अक्षर इतकं देखणं, की मीच मुलांना म्हटलं, तारखा आत दुमडा आणि अक्षर बाहेर ठेवा, नक्षी केल्यासारखं दिसेल. दोन दिवसांत चष्म्याची घरं झाली, पेन ठेवायचे डबे झाले, भिंगऱ्या, मुकुट, बायबलात ठेवायच्या खूणपट्ट्या, पंखे झाले. तेवीस तारखेला मुलांनी ते घरोघर वाटले.

आम्ही दोघी बुवांच्या घरी गेलो तेव्हा पलंगाखालून त्यांचे फक्त तळपाय दिसत होते.

"बुवा, बाहेर या. तिथं नाहीये ते."

ते रांगत बाहेर आले. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, डोक्यावर फेटा आणि फेट्यावर कोळ्याचं जाळं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते.

"कापलं?"

"हो बुवा."

"सगळं?"

"सगळं."

"सरळ कापलंत की वेडंवाकडं?"

"चष्म्याचं घर सरळ आहे. भिंगऱ्या जरा... कोनात."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. कारण मला माहीत होतं काय पणाला लागलंय ते. बुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि स्मरण दगा देऊ लागलं होतं. पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचा उपदेश, त्यांना झोपेतही आला असता. पण उत्तररंगातलं आख्यान कागदावाचून आता जमत नव्हतं. गेल्या नाताळात कागदाचं पान उलटायला उशीर झाला तेवढ्यात ते योसेफाचं नाव विसरले आणि भर कीर्तनात "मरियेचा नवरा, मरियेचा नवरा" असं म्हणत राहिले. पोरं हसली. त्याच दिवशी त्यांनी चर्चमध्ये सर्वांदेखत सांगितलं होतं: पुढच्या वर्षी अडखळलो तर झांज ठेवून देईन, पुन्हा उभा राहणार नाही.

"मी सगळ्यांची माफी मागते," मी म्हटलं. "कीर्तन रद्द झालं म्हणून सांगते. दोष माझाच आहे असंही सांगते."

"त्या भेटी आता कुठं आहेत?"

"ज्यांच्या त्यांच्या घरी."

"म्हणजे आख्यान गावातच आहे." ते उठले. "हरवलं कुठं मग? कृपा, पळ. ज्याला त्याला सांग, कीर्तनाला येताना आपापली भेट घेऊन या."

चार वाजता चर्च भरलं. सगळं दिवसाउजेडी उरकायचं, कारण सहानंतर वीज असण्याचा भरवसा नसे. बुवांच्या गळ्यात हार पडला. आमच्याकडे पद्धत अशी, की एकदा हार पडला की शेवटच्या प्रार्थनेपर्यंत कीर्तनकारानं जागा सोडायची नाही. मग आग लागो की पूर येवो. तबल्यावर दयानंद मास्तर होते. पेटी नव्हती. पेटी गेली अकरा वर्षं नव्हती, त्याचं पुढं सांगते.

पूर्वरंग सुरेख झाला. मी भीतीनं अर्धमेली झाले होते, तरी डोळे भरून आलेच. मग बुवांनी झांज थांबवली आणि म्हणाले, "मंडळी, आता आख्यान. ते तुमच्याजवळ आहे. गाब्रिएल देवदूत कोणाच्या घरी आलाय?"

सगळे आपापली भेट उलटीपालटी करून वाचू लागले. परीक्षेच्या हॉलसारखी कुजबुज सुरू झाली.

"माझ्याकडं आहे वाटतं," पोस्टातले रणपिसे उठून म्हणाले. त्यांनी चष्म्याचं घर पुढं धरलं. पण ते वाचायला चष्मा हवा आणि चष्मा त्या घरात. तो काढला, नाकावर चढवला, मग वाचलं: "गाब्रिएल वदे, मरिये ऐक, नको भिऊ काही, तुजवरी..." ते थांबले. "एवढंच आहे. पुढं शिवण आहे."

बुवांनी ती ओळ झोकात गायली. "तुजवरी काय? पुढं कोणाकडं आहे?"

सलोमीआजी उभी राहिली. ती गावातली सगळ्यांत म्हातारी, सुईण होती, आणि तिच्या हातात कागद चिकटवलेला मिठाचा डबा होता. तिला वाचता येत नव्हतं, शेजारणीनं वाचलं: "कैसराची पट्टी बसली, सुटका आता नाही."

यमक इतकं चपखल जुळलं होतं की बुवांनी तंद्रीत ते दोनदा गाऊन टाकलं. मरिये, नको भिऊ काही, तुजवरी कैसराची पट्टी बसली, सुटका आता नाही. दयानंद मास्तरांनी वर तिहाईपण वाजवली. मग बुवांच्या लक्षात आलं.

"हे जनगणनेतलं आहे," ते म्हणाले. "मरियेला देवदूतानं घरपट्टीची नोटीस नाही दिली, मंडळी. बसा आजी. तुमचं नंतर."

"बसते," आजी म्हणाली. "पण मीठ आणलंय, हवं असलं तर."

मेंढपाळ भिंगरीवर होते. दाराकडून वारा आला की ते गरगर फिरायला लागायचे. दोघांनी धरून वाचले, तरी एक पातं उलटं बसवलेलं असल्यामुळं मेंढरांनी मेंढपाळांना राखलं. मागी लोकांचे, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या राजांचे, उंट एका शेळीनं सकाळीच खाल्ले होते. शेळीचा मालक तसं सांगून अपराध्यासारखा उभा राहिला.

"राजे उरलेत का?" बुवांनी विचारलं.

"राजे आहेत. फक्त उंट गेले."

"मग चालत येऊ देत. नम्रता शिकतील."

लोक आता हसत होते, पण गेल्या वर्षीचं हसणं वेगळं होतं आणि हे वेगळं होतं. बुवांच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. मी मात्र मोजत होते: हे झालं, ते झालं, हे राहिलं.

हेरोद राजा मुकुटावर होता. तो मुकुट सहा महिन्यांच्या एका बाळाच्या डोक्यावर होता आणि बाळ आईच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

"काढते," आई म्हणाली.

"काढू नकोस, उठेल. इकडं घेऊन ये."

ती पुढं आली. मुकुट गोल, त्यामुळं ओळही गोल. बुवांना जागा सोडता येत नव्हती, म्हणून तीच बाळाला घेऊन त्यांच्यासमोर हळूहळू गिरकी घेऊ लागली आणि ते वाचत गेले. हेरोदाचा क्रोध हा बुवांचा हातखंडा. दरवर्षी त्या वेळी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्या दिवशी तो क्रोध त्यांनी बाळ उठू नये म्हणून कुजबुजत गायला: "हेरोद कोपला सिंहासनी, दात खाई करकरा, कोण जन्मला राजा दुसरा, बेथलेहेमी शोध करा." तबला दोन बोटांनी चाललेला. सगळं चर्च श्वास रोखून बसलेलं. एवढा भयानक हेरोद मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकला नाही.

आणि मग राहिला जन्म.

जन्माच्या वेळी आमच्याकडं पाळणा म्हणतात. बायका तान्ह्या पोरांना पुढं आणतात, सगळे उभे राहतात. पाळण्यावाचून कीर्तन संपवायचं म्हणजे हळद लावून नवरीला घरी पाठवण्यासारखं. बुवांनी विचारलं, "पाळणा कोणाकडं?"

कोणाकडंच नव्हता. पुन्हा सगळ्या भेटी उलटल्या. बुवांनी आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, झांज वर गेली आणि तशीच खाली आली. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. कोपऱ्यातून एक पोरगं बारीक आवाजात "मरियेचा नवरा" असं म्हणालं आणि त्याला त्याच्या आईनं चापट मारलेली ऐकू आली. बुवा डाव्या हातातली झांज बोटांतून सोडवू लागले होते.

"ताई," कृपानं माझा पदर ओढला. ती एका पायावर उभी होती. "तो पंखा होता."

"कोणाला दिला?"

"तुमच्या यादीत नव्हते त्यांना. आढावकाकांना."

चर्चच्या सताड उघड्या दारातून रस्त्यापलीकडची पडवी दिसत होती. तिथं इम्मानुएल आढाव खुर्चीवर बसले होते आणि डिसेंबरच्या थंडीत, मफलर गुंडाळून, स्वतःला पंख्यानं वारा घालत होते.

आढावकाका वीस वर्षं बुवांच्या साथीला पेटीवर होते. अकरा वर्षांपूर्वी, ऐन नाताळच्या कीर्तनात, बुवांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पेटी बंद करा. बेसूर आहे." काका पेटी बंद करून उठले आणि घरी गेले. त्यानंतर रविवारी उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, पण कीर्तनाचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. म्हणून माझ्या यादीतही ते नव्हते. विसरले म्हणून नव्हे. अंगावर येतील, म्हणून मीच वगळले होते.

मी रस्ता ओलांडून गेले. "काका, तुमच्या हातातला पंखा पाच मिनिटं द्याल?"

"का?"

"त्यावर पाळणा आहे. तिकडं कीर्तन अडलंय."

"वाचलाय मी. कालपासून वाचतोय." ते वारा घालत राहिले. "मास्तरीणबाई, अकरा वर्षांत ह्या मंडळीकडून मला आलेली ही पहिली भेट. आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायला आलात?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"पंखा एकटा येणार नाही," ते म्हणाले. "आला तर पेटीसकट येईल. आणि पेटी काळी चारातच वाजेल. विचारून या."

काळी चार म्हणजे फार उंच सूर. तारुण्यात बुवा त्यात गायचे, शेजारच्या गावात ऐकू जायचं म्हणतात. मी निरोप आणला. बुवांना रस्त्यापलीकडचे काका समोर दिसत होते, काकांना बुवा दिसत होते, पण दोघंही एकमेकांशी बोलणार नव्हते. म्हणून निरोप्याचं काम कृपाकडं आलं.

"सांग, पेटी येऊ दे. पण काळी एक," बुवा म्हणाले.

कृपा पळत गेली, पळत आली. "काका म्हणतात, चार."

"दोन. शेवटचं सांगतोय म्हणावं."

पुन्हा गेली, पुन्हा आली. "चार. आणि म्हणतात, हा काय वांग्यांचा बाजार आहे का."

"बाजार त्यांनीच मांडलाय म्हणावं."

"हे सांगू?"

"नको. तीन विचार."

तिसऱ्या फेरीलाही उत्तर चारच आलं. मंडळी एकदा पूर्वेला बघत होती, एकदा पश्चिमेला. पुढं आणलेली तान्ही पोरं रडायला लागली. सलोमीआजीनं डब्याचं झाकण लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणाली, "शंभर बाळंतपणं केली मी, पण असं पाहिलं नाही. मरिया बिचारी दिवस भरून ताटकळलीय आणि हे दोघं सूर मोजत बसलेत."

कोणी हसलं नाही. बुवाही हसले नाहीत. ते आजीकडं बघत राहिले, मग हातातल्या झांजेकडं. मला दिसत होतं, ती झांज आता ते खाली ठेवणार. मी डोळे मिटून घेतले आणि प्रार्थना केली: प्रभो, शब्बाथशाळा सोडते, कात्री सोडते, पण हे थांबू देऊ नकोस.

डोळे उघडले तेव्हा बुवा वाकून कृपाच्या कानात काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. तिनं मान हलवली आणि पळत सुटली. पण दाराशीच तिला धाप लागली. तीन फेऱ्या झाल्या होत्या बिचारीच्या. तिनं दारातच उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, रस्त्यापलीकडं ओरडून सांगितलं:

"काका, आजोबा म्हणतात, पेटी बेसूर नव्हती. माझाच आवाज उतरला होता. चारात पोचत नव्हता. लोकांना कळेल म्हणून लाज वाटली आणि पेटीवर ढकललं. आजही पोचत नाही." मग तिनं श्वास घेतला. "आणि म्हणालेत की हे तुमच्या कानात हळू सांगायचं."

बुवांनी फेटा सारखा केला. त्यांना जागा सोडता येत नव्हती, नाहीतर मला वाटतं ते परत पलंगाखाली गेले असते.

पडवीतला पंखा थांबला. काका उठले, आत गेले. दार लोटल्याचं दिसलं. मला वाटलं, संपलं.

दार पुन्हा उघडलं ते ढुंगणानं, कारण काकांचे दोन्ही हात पेटीत गुंतले होते. पंखा त्यांनी मानेमागं सदऱ्यात खोचला होता. डोक्यामागं तो असा उभा राहिला होता, की भिंतीवरच्या चित्रातल्या प्रेषितासारखे दिसत होते ते. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला थांबला आणि त्यानं टोपी काढली.

काका बुवांच्या उजव्या हाताला बसले, जिथं वीस वर्षं बसले होते. पेटी उघडली, धूळ फुंकली, भाता सोडला. काळी एक दाबली.

"इथं?" त्यांनी विचारलं. बुवांशी ते अकरा वर्षांत बोललेला पहिला शब्द.

"अजून थोडं खाली."

काकांचं बोट पांढरी एकवर सरकलं. "इथं?"

"इथं."

मी पंखा उभा धरला. बुवांनी पाळणा सुरू केला: "नाही मखमल, नाही पलंग, गव्हाणीचे अंथरूण..." पंखा गोल कापलेला, त्यामुळं ओळींची टोकं कुठल्या तरी दुसऱ्या घरी गेली होती. बुवा टोकाशी पोचून थांबले, की काका पेटीवरून मान न उचलता हलकेच पुढचे शब्द पुरवायचे. वीस वर्षं साथ केलेला माणूस. "त्रैलोक्याचा धनी निजला..." बुवा थांबले. "गवत उशाला घेऊन," काका म्हणाले. इतक्या खालच्या सुरात आम्ही पाळणा कधी ऐकला नव्हता. आईनं खरोखर पोराला निजवताना म्हणावा तसा वाटला. रडणारी पोरं एकामागून एक गप्प झाली. सलोमीआजी उभ्याउभ्या डोलत होती. मी तर पंख्याच्या आड इतकी रडले की दुसऱ्या कडव्यावर पाणी सांडलं आणि "हालेलुया" पसरला.

प्रार्थना झाली. लोक आपापले डबे, मुकुट, भिंगऱ्या घेऊन बाहेर पडू लागले. बुवांनी हार काढला आणि काकांपुढं हात केला. "पंखा द्या. वहीत उतरवून घेतो."

"भेट दिलेली परत मागतात का?"

"आख्यान माझं आहे, आढाव."

"पंखा माझा आहे, बुवा. पुढच्या नाताळला घेऊन येईन."

"आणि नाही आलात तर?"

"तर तुमचं अडेल. बोलवायला पाठवा."

कृपा मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर. दिवसभरात तिनं जे केलं होतं त्याची तिला भरपाई करायची होती. तिनं दप्तरातून वही काढली, पेन्सिलीला जिभेनं ओल लावली. "मी आत्ता उतरवून देते. छोटासाच आहे. दहा मिनिटांत होईल."

"काही गरज नाही," दोघं म्हातारे एकदम म्हणाले.